शाळेने मदतनीस मावशी काढल्या, आता माझ्या मुलाचं काय?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, स्वमग्न (ऑटिझम असलेला). यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. गेल्या वर्षापर्यंत दिव्यांग मुलांसाठी शाळेत दोन मदतनीस मावशी होत्या. ‘पैसे नाहीत’ म्हणून संस्थेने जूनपासून दोघींनाही कमी केलं. मुख्याध्यापक म्हणतात, मावशी तशाही फक्त संडास-बाथरूमला न्यायच्या, ते शिपाई बघेल. वर्गात आवरत नसेल तर आईने येऊन बसावं, नाहीतर स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त या मुलासोबत राहणारी मदतनीस) आणावी. वर्गाच्या बाईंनी तर सुचवलंय की दिवाळीपर्यंत घरीच ठेवा. आईने विचारलंय, आम्ही करायचं काय?

ताई, आधी तातडीचं सांगते. मुलाची शाळा एक दिवसही बंद करू नका. ‘थोडे दिवस घरी ठेवा, व्यवस्था झाली की कळवतो’ हे वाक्य मी विशेष शिक्षिका म्हणून सव्वीस वर्षं ऐकत आले आहे. शाळेकडून ‘या’ असा निरोप आलेला मात्र मी फार क्वचित पाहिला. दोन आठवड्यांचं सत्र होतं, सत्राचं वर्ष होतं, आणि मग हजेरीपट दाखवून सांगतात की पालकच पाठवत नाहीत. घरी ठेवा असं कुणी म्हणालं तर इतकंच म्हणा, ‘बाई, हे मला लेखी द्या.’

आणि कुठल्याही अर्जावर सही करू नका. विशेषतः गृहाधारित शिक्षणाच्या. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. तो पर्याय निवडायचा हक्क मुलाचा आहे. शाळेला माणूस परवडत नाही म्हणून मुलाला घरच्या यादीत टाकायला ती दुरुस्ती झालेली नाही. शिवाय याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून दाखला ‘तुम्हीच मागितलात’ असा कागद तयार होऊ देऊ नका.

आता मुख्याध्यापकांच्या त्या वाक्याकडे येते. मावशी फक्त संडासला न्यायच्या.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी सेरेब्रल पाल्सी असलेली चौथीतली मुलगी माझ्याकडे होती. तिच्या शाळेतल्याही मावशी कमी झाल्या. मी पंधरा दिवसांनी एकदा जायचे. पहिल्या भेटीत बाई म्हणाल्या, काही त्रास नाही, शांत बसते. दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्या वेळी दुपारी साडेतीनला मी सहज तिची पाण्याची बाटली उचलली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली. घरी चौकशी केली तेव्हा कळलं, सकाळचा चहासुद्धा तिने सोडला होता. न्यायला कुणी नाही, मग जावंच लागू नये, म्हणून त्या नऊ वर्षांच्या पोरीने पाणी पिणं बंद केलं होतं. दिवाळीआधी लघवीचा संसर्ग होऊन तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि माझ्या भेटीच्या वहीत आधीच्या दोन्ही वेळा मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘समायोजन चांगले.’ ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण मदतनीस गेल्याचा परिणाम शाळेला दिसेलच असं नाही. शांत मूल आणखी शांत होतं. तुमच्या मुलासारखं मूल पळतं, किंचाळतं, शेजारच्याला चावतं. त्याची नोंद ‘वर्तन समस्या’ म्हणून होते. जूनमध्ये मावशी गेल्या आणि जुलैमध्ये चावणं सुरू झालं, या दोन गोष्टी एका ओळीत लिहिलेल्या मी कुठल्याही शाळेच्या दप्तरात पाहिलेल्या नाहीत. त्या ओळी आता तुम्हाला लिहायच्या आहेत.

शंभर पानी वही घ्या. चार दिवस, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, त्याला कुठे-कुठे दुसऱ्या माणसाचा हात लागतो ते वेळेसकट टिपा. तुम्हाला वर्गात बसू देणार नसतील तर बाईंना विचारा, बाकावरच्या मित्राला विचारा, रिक्षावाल्या काकांना विचारा. मावशी त्या वेळी काय करायच्या आणि आता काय होतं, हे शेजारी लिहा. तुमच्या पत्रातून मला जेवढं कळलं तेवढं सांगते. प्रार्थनेला स्पीकर लागला की कान झाकून खाली बसतो. मावशी त्याला रांगेच्या शेवटी न्यायच्या. तास बदलला की रडतो. फळ्यावरचं उतरवून घेत नाही. मावशी हात धरून लिहून घ्यायच्या. डब्याचं झाकण उघडत नाही. चड्डीचं बटण निघत नाही. मधल्या सुट्टीची आणि शाळा सुटल्याची घंटा झाली की सरळ फाटकाकडे धावतो, आणि फाटकाबाहेर रस्ता आहे.

आता ही यादी चाळा. फाटक आणि संडास या दोन ठिकाणी माणूसच लागतो, तिथे तडजोड नाही. डबा, बटण, प्रार्थना, तास बदलणं इथे माणसाची जागा बरीचशी व्यवस्था घेऊ शकते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बदला, इलॅस्टिकची चड्डी शिवून घ्या (गणवेशाच्या रंगाची असली की पुरे, त्याला परवानगी लागू नये, पण मागतात, तर अर्जात लिहून टाका). बाकावर चित्रांचं वेळापत्रक चिकटवा: गणित, मराठी, डबा, खेळ, घर. एक तास संपला की त्या चित्रावर त्याने स्वतः चकती लावायची. प्रार्थनेला व्हरांड्यात उभं राहू द्यायला शाळेला एक पैसा लागत नाही.

हात धरून लिहिणं मात्र बंद झालं तर मला वाईट वाटणार नाही. मावशींचा दोष नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्या वहीतलं अक्षर मुलाचं नव्हतं. त्याला पाटी हवी, मोठे ठिपके हवेत, फळ्याऐवजी समोर ठेवलेला कागद हवा.

इथे तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी, कारण संस्थेतलं कुणीतरी ती तुमच्यापुढे ठेवेल. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मदतनीसांवर मोठा अभ्यास केला, तो २००९ मध्ये आला. ज्या मुलांना मदतनीसांचा आधार जास्त मिळाला त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी दिसली. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको यांनीही १९९७ मध्ये दाखवलं होतं की मोठं माणूस सतत चिकटून बसलं की मूल शिक्षकापासून आणि सोबत्यांपासून तुटतं. माझा स्वतःचा अनुभवही असाच आहे. पण अभ्यासकांनी बोट ठेवलं ते मदतनीसांना कसं वापरलं जातं त्यावर. शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाने त्यांच्यावर ढकलली, त्यांना तयारीला वेळ दिला नाही, प्रशिक्षण दिलं नाही. मदतनीस काढून टाकल्याने शिक्षक आपोआप त्या मुलाला शिकवायला लागतो, असं त्यात कुठेही निघालेलं नाही. शाळेने तो अभ्यास दाखवला तर विचारा, मग तिसरीच्या बाईंना या वर्षी कोणतं प्रशिक्षण दिलंत?

वहीतली मिनिटं जोडून बघा. तुमच्या मुलासारख्या मुलाला पाच तासांच्या शाळेत माणूस प्रत्यक्ष लागतो तो माझ्या अंदाजाने पन्नास मिनिटांच्या आसपास. शाळा ऐकते ‘एका मुलामागे पूर्ण पगाराचं माणूस’, आणि घाबरते. तुम्ही मागणार आहात ते वेगळं आहे: सकाळी आत येताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना फाटकापाशी अमुक व्यक्ती, संडासला तीन वेळा अमुक व्यक्ती, ती रजेवर असेल तर तमुक. नावासकट. ‘शिपाई बघेल’ मध्ये नाव नाही म्हणून ते चालणार नाही. मुलगी असती तर बाईमाणूसच हवं असं मी पहिल्या ओळीत म्हटलं असतं. मुलगा असला तरी संडासात कोण जातं हे ठरलेलं, पडताळलेलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं माणूस हवं. ज्याला झालेलं सांगता येत नाही अशा मुलाबाबत तर ही खबरदारी दुप्पट हवी.

आणि हे एकटीने करू नका. शाळेत दोन मावशी होत्या म्हणजे तुमचा एकच मुलगा नव्हता. बाकीच्या पालकांना गाठा. समजा पाच मुलं आहेत, तर पाच वह्या शेजारी ठेवा. प्रत्येकी पन्नास मिनिटं म्हटली तरी चार तासांच्या वर काम होतं. शिवाय मधल्या सुट्टीत पाचही मुलांना एकाच वेळी माणूस लागतो, आणि त्याच वेळी शिपाई घंटा, पाणी, पोषण आहार यांत असतो. एका मुलाची वही घेऊन गेलात तर ‘तुमच्या मुलाचा हट्ट’ म्हणतील. पाच वह्यांतून एक पूर्ण वेळेचं पद समोर दिसतं. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा असतो. हा विषय तिच्या सभेत घ्यायला लावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

सरकारकडून काय मिळेल, याची खोटी आशा मी दाखवणार नाही. तुम्ही ‘विशेष शिक्षक भरणार असं वाचलं’ असं लिहिलंय, ते खरं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या प्रत्येक केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या गटाला) एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या २,९८४ जणांना त्यांत सामावून घ्यायचं ठरवलं. माझ्या कितीतरी सहकाऱ्यांनी अर्धं आयुष्य तात्पुरत्या आदेशांवर काढलं, त्या दिवशी आम्ही फोनवर रडलो. पण हिशेब करा. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा. विशेष शिक्षक तुमच्या शाळेत पंधरवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येईल. तो बाईंना मार्ग दाखवेल, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करून देईल, तुमच्याशी बोलेल. मधल्या सुट्टीत फाटकापाशी तो उभा नसेल. मीही नसायचे, त्या भरलेल्या बाटलीची गोष्ट त्यातूनच घडली. तेव्हा विशेष शिक्षक येणार आहेत म्हणून मावशींची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. ही दोन वेगळी कामं आहेत.

कागदावर प्रमाण चांगलं आहे. रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने ते अधिसूचित केलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. ७ मार्च २०२५ ला न्यायालयाला पुन्हा राज्यांना बजावावं लागलं की आधी पदं तरी मंजूर करा. मदतनीसांचं असं प्रमाण त्यात नाही. म्हणूनच शाळा कात्री लावते ती आधी मावशींच्या पगाराला.

पैशांचं एक सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. दहा महिन्यांत वाटली तर महिना साडेतीनशे. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता हे त्या चौकटीतलेच. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या कार्यालयात) जाऊन तुमच्या मुलाच्या नावावर काय मंजूर आहे ते विचारा आणि असेल ते घ्याच. पण त्यातून मावशीचा पगार निघत नाही, हे आधीच समजून असा.

आता अर्ज. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सांगतं की शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय आणि वैयक्तिक आधार द्यावा. कलम १७ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाला आधार देणारे कर्मचारी प्रशिक्षित करण्याचा उल्लेख आहे. कलम १६ ची भाषा मात्र ‘प्रयत्न करतील’ अशी आहे आणि ‘वाजवी सोय’ या शब्दाच्या व्याख्येतच ‘अवाजवी बोजा न टाकता’ अशी अट आहे. शाळेचा वकील त्या अटीवरच बोट ठेवेल. तुमची वही तिथे कामाला येते. पन्नास मिनिटांसाठी नेमून दिलेलं माणूस हा अवाजवी बोजा आहे, असं लेखी म्हणणं कुठल्याही संस्थेला जड जातं.

अर्ज दीड पानापेक्षा मोठा नको. मुलाचं नाव, इयत्ता, यूडीआयडी क्रमांक. मग साधं लिहा: ‘३१ मे पर्यंत माझ्या पाल्यास खालील वेळी मदतनीस उपलब्ध होत्या. जूनपासून ही मदत बंद झाली असून त्यानंतर पुढील घटना घडल्या आहेत.’ तारखांसह घटना. मग मागणी, मिनिटांसकट. मग ‘आपण कोणती व्यवस्था करणार आहात हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे.’ रागाचा एकही शब्द नको. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागणार नाही. त्यावर टक्केवारी असते, पण तुमच्या मुलाला मधल्या सुट्टीत काय लागतं ते नसतं, म्हणून वहीची प्रत जोडा. कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

उत्तर आलं नाही तर हाच अर्ज गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे. तरीही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. वकील असायलाच हवा असं नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र शाळेत पोचेपर्यंतच काहीतरी मार्ग निघाला आहे.

शॅडो टीचरबद्दल माझं मत विचारलंय. पैसे असतील तरी पहिला उपाय म्हणून ते करू नका. एकदा तुम्ही आणली की शाळेच्या लेखी तो प्रश्न कायमचा तुमचा झाला, आणि ज्या चार पालकांना परवडत नाही त्यांच्या मुलांची वाट आणखी अवघड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका स्वमग्न मुलीला पालकांनी नेमलेल्या शॅडो टीचरसह शाळेत परत घ्यायला लावलं. तो निकाल मोलाचा आहे. पण तो शाळेने दार बंद केलं होतं म्हणून होता, खर्च पालकांनीच करावा असा नियम त्याने घातलेला नाही. सुरक्षिततेचा प्रश्न अगदी टोकाला गेला आणि आणावीच लागली, तर शाळेला लेखी कळवा की ही तात्पुरती सोय आहे आणि मूळ मागणी कायम आहे. ती बाई भारतीय पुनर्वास परिषदेकडे (विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेली नसेल तर विशेष शिक्षकाकडून तिला आठवडाभर शिकवून घ्या: कुठे बसायचं (मुलाला खेटून नाही, एक बाक मागे), कधी हात पुढे करायचा, कधी दहापर्यंत मनात मोजत थांबायचं.

आणि तुम्ही स्वतः वर्गात बसू नका. पहिले चार दिवस नोंदीसाठी ठीक. रोज बसलात तर तुमचं काम जाईल, धाकटीचे हाल होतील, आणि मुलासाठी शाळा आणि घर यांतला फरकच पुसला जाईल. मुलं आईसमोर वेगळी वागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वर्गाच्या बाईंवर रागावू नका. दिवाळीपर्यंत घरी ठेवा म्हणाल्या ते चुकलंच. पण त्यांच्या वर्गात पन्नासेक मुलं आहेत, जूनमध्ये त्यांचीही मदत काढून घेतली गेली आणि त्यांनाही कुणी विचारलं नाही. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागा, चित्रांचं वेळापत्रक स्वतः करून न्या, बाकावर तुम्हीच चिकटवून द्या. तुमच्या अर्जाखाली त्या सही करणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण अधिकारी आले आणि त्यांनी विचारलं की मावशी गेल्याने फरक पडला का, तर त्या खरं सांगतील एवढं नातं टिकवा.

शेवटचं काम या रविवारी करा. ज्या मावशी तुमच्या मुलाला सांभाळायच्या त्यांच्या घरी जा. नोकरी त्यांची गेली आहे, त्यामुळे आधी त्यांची चौकशी करा, चहा घ्या. मग वही उघडा आणि विचारा: तो पळण्याआधी काय करायचा? कुठला शब्द ऐकला की थांबायचा? डबा कुणाशेजारी बसून खायचा? एका मावशींनी मला एकदा सांगितलं होतं की त्या सांभाळायच्या तो मुलगा पळण्याआधी नेहमी डावा बूट काढतो. तीन वर्षांच्या अहवालांत कुठेही ते नव्हतं, माझ्याही नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि सोमवारी त्याची एक प्रत बाईंना द्या.